दोन नद्या, दोन चित्रें

दोन थोर कलावंतांची तुलना करूं नये असें शहाणे लोक सांगतात; आणि ते दोघे शेजारीं शेजारीं दिसले कीं हेच शहाणे लोक सर्वांच्या आधीं तुलना करूं लागतात. बालगंधर्व श्रेष्ठ कीं केशवराव भोसले, या वादांत आमच्या आजोबांच्या पिढीनें किती रात्री जागविल्या असतील याची गणती नाहीं. १९२१ सालीं मुंबईस संयुक्त ‘मानापमान’ झालें, दोघे एका रंगभूमीवर उभे राहिले, तरी वाद मिटला नाहीं. उलट त्याला नवें खाद्य मिळालें. तुलनेनें निकाल लागत नाहीं हें खरें. पण दोन दिवे जवळ जवळ ठेवल्यावांचून एकाचा उजेड पिवळा आणि दुसऱ्याचा पांढरा आहे, हें डोळ्यांना कळत नाहीं, हेंही तितकेंच खरें. म्हणून शहाण्यांची क्षमा मागून मी आज तोच उद्योग करणार आहें.

गेल्या वर्षीं कांहीं महिने मुलीकडे लंडनला राहण्याचा योग आला. घरांतील माणसें सकाळीं आपापल्या कामाला गेलीं म्हणजे मी मोकळा. आणि परक्या शहरांत मोकळ्या म्हाताऱ्याला फुकट, उबदार आणि बसायला बांक असलेली जागा म्हणजे नॅशनल गॅलरी. १८२४ सालीं स्थापन झालेल्या या चित्रसंग्रहालयांत शिरायला आजही पैसे पडत नाहींत. तें ज्या चौकांत उभें आहे त्याला ट्रॅफल्गार हें नांव १८०५ च्या आरमारी लढाईवरून पडलें, आणि त्या लढाईंत पडलेला नेल्सन चौकाच्या मध्यें उंच खांबावर उभा आहे. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी; पुढें तिच्याशीं काम आहे. आंत जॉन कॉन्स्टेबल आणि जोसेफ टर्नर या दोघा इंग्रज चित्रकारांचीं निसर्गचित्रें मीं पाहिलीं तेव्हां एकाच दालनांत लावलेलीं होतीं. पहिल्या दिवशीं मीं तीं इतर पाहुण्यांसारखीं भराभर पाहून टाकलीं. पुढें मात्र बहुधा दर मंगळवारीं तेथें जाऊन बसूं लागलों.

दोघांच्या वयांत अवघें एका वर्षाचें अंतर. टर्नर १७७५ चा, लंडनच्या गजबजलेल्या वस्तींतला, बाप न्हावी. कॉन्स्टेबल १७७६ चा, सफक परगण्यांतल्या ईस्ट बर्गहोल्ट नांवाच्या खेड्यांतला; बाप पाणचक्क्यांचा मालक आणि धान्याचा सधन व्यापारी. टर्नर सव्विसाव्या वर्षीं रॉयल अकादमीचा पूर्ण सभासद झाला. कॉन्स्टेबलला तो मान १८२९ सालीं, वयाच्या बावन्नाव्या वर्षीं मिळाला; आणि ज्या पत्नीला त्याचा सर्वांत अधिक आनंद झाला असता, ती क्षयानें जाऊन तेव्हां तीन महिनेही झाले नव्हते. टर्नरनें फ्रान्स, स्वित्झर्लंड, इटली हे देश पालथे घातले. कॉन्स्टेबलनें इंग्लंडची भूमि जन्मांत सोडली नाहीं. १८२४ त पॅरिसच्या प्रदर्शनांत त्याला फ्रान्सच्या राजाचें सुवर्णपदक मिळालें, पण तें घ्यायलाही तो तिकडे गेला नाहीं.

दोघांचें एकमेकांशीं कसें होतें याची एक गोष्ट प्रसिद्ध आहे. १८३२ च्या प्रदर्शनांत कॉन्स्टेबलनें वॉटर्लू पुलाच्या उद्घाटनाचा देखावा मांडला होता. त्यावर त्यानें दहा-बारा वर्षें जीव ओतला होता. लाल आणि सोनेरी रंगांची त्यांत नुसती उधळण होती. शेजारीं टर्नरचा एक करड्या समुद्राचा साधा देखावा आला. टर्नर आला, दोन्हीं चित्रांकडे कांहीं वेळ पाहत राहिला, आणि आपल्या करड्या पाण्यावर नाण्याएवढा एक लाल ठिपका ठेवून, एक शब्दही न बोलतां निघून गेला. कॉन्स्टेबलच्या साऱ्या लाल रंगाचें तेज त्या एका ठिपक्यानें हिरावून घेतलें. आपल्या अंगावर कोणी बंदूक झाडली असें त्या गरीब बिचाऱ्याला वाटलें म्हणतात. दीड दिवसानें टर्नर परत आला आणि त्यानें त्या ठिपक्याचा एक तरंगता बोया करून टाकला. हा दुष्टपणा होता कीं खेळ, तें मला ठरवितां येत नाहीं. पण रंगाचें एवढें नेमकें गणित दुसऱ्या कोणास साधलें असतें असें वाटत नाहीं.

आतां त्या दालनांतल्या दोन चित्रांकडे येतों. कॉन्स्टेबलच्या चित्राचें लोकांच्या तोंडीं बसलेलें नांव ‘गवताची गाडी’. १८२१ सालीं प्रथम मांडतांना त्यानें स्वतः त्याला ‘निसर्गदृश्य : मध्यान्ह’ एवढेंच म्हटलें होतें. चित्र मोठें आहे, सव्वाचार फूट उंच आणि सहा फूट रुंद. स्टूर नदीच्या उथळ पाण्यांत एक रिकामी गाडी उभी आहे. तिला जोडलेल्या घोड्यांच्या साजावर तांबड्या रंगाचे चारदोन फटकारे आहेत, आणि साऱ्या हिरव्या चित्रांत डोळा प्रथम तेथेंच जाऊन टेकतो. डावीकडे एक कौलारू घर, घराच्या कडेला पाण्याशीं वांकलेली एक बाई, अलीकडच्या कांठावर एक कुत्रा. पलीकडे उन्हांत न्हालेलें विस्तीर्ण कुरण. आणि त्यावर तें आकाश! अर्धें अधिक चित्र आकाशाचेंच आहे. याच सुमारास कॉन्स्टेबल हॅम्पस्टेडच्या टेकडीवर जाऊन नुसत्या ढगांचीं चित्रें काढीत असे, आणि कागदाच्या पाठीमागें तारीख, वेळ, वारा कोणत्या दिशेचा तें टिपून ठेवीत असे. मृगाच्या ढगाकडे पाहून पाऊस पडेल कीं हुलकावणी देईल हें ओळखणारा कुणबी ज्या डोळ्यांनीं आभाळाकडे पाहतो, त्या डोळ्यांनीं काढलेले हे ढग आहेत. त्यांखालीं उभें राहून छत्री बरोबर आणली आहे ना, असें एकदां मनांत येऊन गेलें.

गाडी पाण्यांत कां उभी आहे, याविषयीं चित्राचे जाणकार सांगतात कीं घोड्यांना गारवा मिळावा आणि आटलेलीं लांकडी चाकें भिजून फुगावींत म्हणून. मला हें कोणी सांगावें लागलें नाहीं. लहानपणीं उन्हाळ्यांत गाडीच्या चाकाची धाव सैल पडून वाजूं लागली म्हणजे आमचा गाडीवान गाडी मुद्दाम पऱ्ह्यांत घालून तासभर उभी करी, आणि आम्ही मुलें आऱ्यांवर पाय देऊन चाकावर चढत असूं. आतां आमच्याकडे बैलगाडीच दिसेनाशी झाली आहे. कोठें राहिली असली तर तिला रबरी चाकें आहेत. हजारों कोसांवरच्या परक्या चित्रांत ती ओली धाव सांपडेल अशी मला कल्पना नव्हती.

त्या काळच्या रसिकांना मात्र हें चित्र कच्चें वाटलें. पानांवर आणि पाण्यावर चमक दाखविण्यासाठीं कॉन्स्टेबल पांढऱ्या रंगाचे बारीक ठिपके टाकी, त्यांना लोक थट्टेनें त्याचें ‘हिम’ म्हणत. सर जॉर्ज बोमंट नांवाचा एक मोठा कलाप्रेमी सरदार होता. त्याच्या चित्रांच्या देणगीमुळेंच ही नॅशनल गॅलरी निघण्यास मोठी मदत झाली. निसर्गचित्राचा एकंदर रंग जुन्या व्हायोलिनसारखा तपकिरी असावा असें त्याचें मत. कॉन्स्टेबलनें त्याच्याशीं वाद घातला नाहीं. एक जुनें व्हायोलिन आणून घरासमोरच्या हिरव्या गवतावर ठेवलें. गंमत अशी कीं हाच बोमंट टर्नरचाही कडवा टीकाकार होता. एकाचें गवत फार हिरवें म्हणून त्याला खपत नव्हतें, दुसऱ्याचा उजेड फार पांढरा म्हणून! दोघांनाही सारखेंच नाकारण्याची ही समदृष्टि टीकाकारांत क्वचित् आढळते.

टर्नरचें चित्र आकारानें लहान, तीन फूट बाय चार फूट. ‘टेमेरेर’ हें अठ्ठ्याण्णव तोफांचें लढाऊ जहाज ट्रॅफल्गारच्या लढाईंत नेल्सनच्या ‘व्हिक्टरी’च्या मदतीला धांवून गेलें होतें. १८३८ च्या सप्टेंबरांत आरमारानें तें मोडीत काढलें, आणि शीअरनेसहून टेम्स नदींतून ओढीत रॉदरहाइथला जहाजें तोडणाऱ्या एका व्यापाऱ्याच्या धक्क्यावर नेलें. व्यापाऱ्यानें तें ५,५३० पौंडांस विकत घेतलें होतें. टर्नरच्या चित्रांत एक काळी, ठेंगणी, धूर ओकणारी वाफेची बोट पुढें चालली आहे आणि तिच्या मागून तें फिकट, उंच, जवळजवळ पारदर्शक जहाज येत आहे. जहाजावर रंग इतका पातळ आहे कीं तें लांकडाचें नसून धुक्याचें असावें. उजवीकडे मावळतीचा सूर्य. तेथें मात्र रंगाचा जाड थर आहे, जवळ गेलें तर पिवळ्या-तांबड्या रंगाचे उंचवटे दिसतात. वर डाव्या कोपऱ्यांत चंद्राची कोर. हें चित्र विलायतेंत इतकें लोकप्रिय आहे कीं २०२० सालापासून वीस पौंडांच्या नोटेवर टर्नरच्या मुखवट्याबरोबर तें छापलेलें असतें. म्हणजे चित्र पाहून बाहेर पडल्यावर खालीं चहा घेतांना आपण तेंच चित्र मोडून सुटे पैसे घेतों.

या दोन चित्रांवरून सर्वमान्य निकाल असा देतात : कॉन्स्टेबल हा राहणाऱ्याचा चित्रकार, टर्नर हा जाणाऱ्याचा. एकाची नदी घरापाशीं थांबलेली, दुसऱ्याची कोणाला तरी अखेरच्या धक्क्याकडे घेऊन निघालेली. पहिल्या दोनतीन मंगळवारीं माझेंही मत असेंच होतें, आणि माझा पक्षपात उघड उघड कॉन्स्टेबलकडे होता. पण पुढें त्या चित्राचा इतिहास वाचूं लागलों आणि हा निकाल डळमळूं लागला.

तें चित्र स्टूरच्या कांठीं काढलेलें नाहीं. लंडनच्या केपेल स्ट्रीटमधल्या भाड्याच्या घरांत, जुन्या टिपणांवरून तें तयार झालें. कॉन्स्टेबलची आई १८१५ सालीं गेली, वडील १८१६ त गेले, आणि त्यानंतर दोनतीन वर्षांतच ईस्ट बर्गहोल्टचें तें थोरलें घर विकलें गेलें. ‘गवताची गाडी’ रंगवीत असतांना त्या गांवांत त्याचें म्हणावें असें घर उरलें नव्हतें. धंदा पाहत होता तो धाकटा भाऊ एब्रॅम. आणि त्या धंद्यांतला वांटा थोरल्या भावाला पोंचत असे, म्हणून लंडनच्या घरांत चूल पेटत होती. आणखी एक गोष्ट. चित्र पुरें होत आलें आणि गवताची गाडी नेमकी कशी असते हें चित्रकाराला आठवेना! तेव्हां एब्रॅमनें गांवांतल्या डनथॉर्न नांवाच्या तरुणाकडून गाडीचीं रेखाटनें करवून घेतलीं आणि लंडनला पाठविलीं. ती १८२१ ची थंडी होती. गारठलेल्या बोटांनीं त्या पोरानें काढलेली गाडी आज त्या चित्रांत भर उन्हाळ्याच्या मध्यान्हीं उभी आहे. आणि चित्रांत वडिलांची पाणचक्की कोठें आहे म्हणून शोधूं गेलें तर ती सांपडत नाहीं. सांपडायची नाहींच, कारण देखावा पाहणारा उभा आहे तो त्या चक्कीच्याच अंगणांत. ती आपल्या पाठीशीं आहे.

हें वाचण्याला आणि आमच्या धाकट्या भावाचा निरोप येण्याला एकच गांठ पडली. आमचें घर कोंकणांत आहे. मीं तें सोडून चाळीस वर्षें झालीं. भाऊ मात्र तेथेंच राहिला. आतां त्याचे गुडघे चालत नाहींत, मुलगे पुण्याला आहेत, आणि घराला गिऱ्हाईक आलें आहे. विक्रीच्या कागदावर माझी संमति हवी होती. मीं फोनवर त्याला ओटीची, पडवीची, मागील दारच्या रामफळाची आठवण करून दिली. तो शांतपणें ऐकून घेऊन म्हणाला, “अण्णा, तुला घर आठवतें, मला तें दरवर्षीं शाकारावें लागतें.” त्याच्या बोलण्यांत राग नव्हता. मग त्यानें व्यवहाराचें विचारलें : जुन्या लांकडाचा व्यापारी सागवानी खांबांची किंमत निराळी देतो आहे, तर काय करूं?

मंगळवारीं पुन्हां त्या गाडीपुढें जाऊन बसलों. चित्र तेंच होतें, पण या वेळीं मला दूरच्या कुरणांतलीं माणसें दिसलीं. तीं किती लहान आहेत! मूठभर पांढरे ठिपके. कोणी गवत कापतो आहे, कोणी दुसरी गाडी भरतो आहे. त्या वर्षांत इंग्लंडच्या शेतमजुरांचे दिवस फार वाईट होते. लढाया संपून धान्याचे भाव कोसळले होते. १८१६ सालीं आणि पुन्हां १८२२ सालीं पूर्वेकडच्या परगण्यांत मजुरांनीं मळणीचीं यंत्रें मोडलीं, गंजी पेटविल्या. त्यांतली एकही ठिणगी या चित्रांत नाहीं. ज्याला शाकारावें लागतें त्याचें चित्र हें नव्हे. ज्याला आठवतें त्याचें हें चित्र आहे. त्यामुळें तें खोटें ठरतें असें मी म्हणणार नाहीं. ओल्या चाकाचा आणि ढगाचा खरेपणा कोणी हिरावून घेऊं शकत नाहीं. पण एब्रॅमला जर कुंचला धरतां आला असता तर त्यानें त्या पाण्यांत कोणती गाडी उभी केली असती, हा विचार कांहीं केल्या मनांतून जाईना. चित्रांतल्या त्या घरांत विली लॉट नांवाचा शेतकरी राहत असे. ऐंशींहून अधिक वर्षांच्या आयुष्यांत त्यानें त्या घराबाहेर अवघ्या चार रात्री काढल्या म्हणतात. राहणारा तो. त्यानें या देखाव्याविषयीं काय म्हटलें असतें?

जुलै २०२२ मध्यें पर्यावरणासाठीं चळवळ करणाऱ्या दोघां तरुणांनीं याच चित्रावर एक छापलेला कागद चिकटविला होता. त्यांत नदीच्या जागीं रस्ता आणि आकाशांत विमानें दाखविलीं होतीं. त्यांची रीत मला मुळींच पसंत नाहीं. दोनशें वर्षांच्या वार्निसावर कोणी कागद चिकटवावा हें ऐकूनच अंगावर कांटा येतो. परंतु त्यांनीं नेमकें हेंच चित्र निवडावें, यांत त्या चित्राचें सामर्थ्य आणि त्याची दुखरी बाजू दोन्हीं त्यांना बरोबर कळलीं होतीं, असें म्हणावें लागतें.

आणि टर्नर? जाणाऱ्याचा चित्रकार म्हणविला गेलेला टर्नर तर याहून लबाड निघाला. खरें ‘टेमेरेर’ ओढीत नेलें गेलें त्यापूर्वीं आरमारानें त्याच्या डोलकाठ्या काढून घेतल्या होत्या. नदींतून जात होता तो नुसता सांगाडा. टर्नरनें त्यावर तिन्हीं डोलकाठ्या पुन्हां उभ्या केल्या. ओढणाऱ्या बोटी दोन होत्या, त्यानें एकच ठेवली. जहाज पश्चिमेकडे जात होतें, म्हणजे मावळता सूर्य त्याच्या समोर हवा. त्यानें तो पाठीमागें नेऊन बसविला. आरमारानें जें लुटलें तें त्रेसष्ट वर्षांच्या या न्हाव्याच्या पोरानें एकट्यानें परत दिलें. एकानें प्रेमापायीं गाळलें, दुसऱ्यानें प्रेमापायीं भरलें. पुष्कळ मोठ्या किंमती आल्या तरी टर्नरनें हें चित्र कधीं विकलें नाहीं. १८५१ सालीं तो वारला तेव्हां तें त्याच्याच घरीं होतें, आणि कज्जेखटले संपून १८५६ त राष्ट्राच्या मालकीचें झालें. सारें जग हिंडलेला माणूस एका मोडीत निघालेल्या जहाजाला असा धरून बसला होता. उलट ‘गवताची गाडी’ कॉन्स्टेबलनें एका परदेशी व्यापाऱ्याला विकून टाकली आणि ती पॅरिसला गेली.

खऱ्या जहाजाचें पुढें लांकूडच झालें. त्यांतल्या कांहीं ओकच्या फळ्यांची एक वेदी आणि दोन खुर्च्या केल्या, त्या रॉदरहाइथच्या सेंट मेरी चर्चमध्यें आहेत. मीं संमतीच्या कागदावर सही करून तो भावाकडे धाडला. खांब व्यापाऱ्याला दे म्हणून कळविलें. झोपाळ्याची फळी तेवढी त्यानें पुण्याला मुलाकडे न्यावी असें लिहिलें. त्यावर त्याचें उत्तर आलें कीं फळी त्यानें आधींच काढून ठेवली आहे.

त्या दालनांत टर्नरचें आणखी एक चित्र आहे, ‘पाऊस, वाफ आणि वेग’. १८४४ चें, म्हणजे आपल्याकडे मुंबईहून ठाण्यास पहिली आगगाडी सुटण्याच्या नऊ वर्षें आधींचें. टेम्सवरच्या मेडनहेडच्या पुलावरून पावसांतून एक इंजिन आपल्या अंगावर चालून येत आहे. तपकिरी-पिवळा चिखल, करडें आभाळ, आणि इंजिनाच्या तोंडाशीं तेवढा जळता लाल रंग. कॉन्स्टेबल हें पाहायला राहिला नव्हता. तो १८३७ सालींच वारला. या चित्रांत रुळांवरून इंजिनाच्या पुढें एक ससा पळत आहे. प्रदर्शन उघडण्यापूर्वीं टर्नर चित्रावर शेवटचा हात फिरवीत होता तेव्हां दुसऱ्या एका चित्रकाराचा लहान मुलगा जवळ उभा राहून पाहत होता. चारचौघांत अबोल आणि तुसडा म्हणून ओळखला जाणारा म्हातारा त्या मुलाशीं मात्र बोलला आणि बोट दाखवून त्यानें त्याला ससा दाखविला. मोठेपणीं त्या मुलानें ती आठवण लिहून ठेवली. आज तो ससा रंगांत जवळजवळ बुडून गेला आहे. मला तो तिसऱ्या खेपेस, दोन पावलें डावीकडे सरकून उभा राहिल्यावर दिसला.